सॅन फ्रान्सिस्को व्हाया हिंगोली

मुंबई विमानतळापासून सॅन फ्रान्सिस्को विमानतळ साडेतेरा हजार किलोमीटर. मधे कुठंही न टेकता जाणारं विमान मिळालं तर सोळाएक तास, वाऱ्याच्या मर्जीनुसार थोडं मागंपुढं. मोबाइलला विचारलं तर तो हे पापणी लवायच्या आत सांगतो आणि लगेच तिकीट काढू का म्हणून मागं लागतो. माहितीत खोट काहीच नाही. अडचण एवढीच की विमानतळावर कुणाचं घर नसतं. माणसं राहतात राणीसावरगावला, तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी. तिथून मुंबईच्या विमानतळापर्यंत काय करायचं, याबद्दल मोबाइल शक्यतो बोलत नाही. फारच छळलं तर एक निळी रेघ काढून दाखवतो. ती रेघ कुणाच्या तरी उसातून जाते.

आमच्याकडं अंतर सांगायची रीत वेगळी. गंगाखेड किती लांब, असं विचारलं तर वीस-पंचवीस किलोमीटर असं कुणी सांगत नाही. "हे काय, गाडी लागली की आलंच," असं सांगतात. गाडी कधी लागते हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि तो दुसऱ्या माणसाला विचारावा लागतो. नवरात्रात रेणुकादेवीच्या दर्शनाला लांबलांबून माणसं येतात. त्यांनाही "किती किलोमीटर आलाव?" असं कुणी म्हणत नाही. "कितीला निघालाव?" म्हणतात. पहाटे तीनला निघालो असं उत्तर आलं की भक्ती खरी, आणि चहाचे पैसे हाटेलवाला घेत नाही.

अशा गावातल्या माझ्या बहिणीचा मुलगा कॅलिफोर्नियात नोकरीला लागला. पेढे वाटून झाल्यावर स्टँडसमोरच्या हाटेलात रीतसर चौकशी सुरू झाली.

"किती लांब हाय म्हणलाव?"

"साडेतेरा हजार किलोमीटर."

कुणी काही बोललं नाही. दरारा वगैरे वाटून नव्हे. साडेतेरा हजार हा आकडा आमच्याकडं अंतराचा नसतोच, तो खताच्या उधारीचा असतो. अंतराच्या जागी तो ऐकला की माणूस गांगरतो.

कोंडी फोडली ती एसटीतून निवृत्त झालेल्या आमच्या कंडक्टरसाहेबांनी. सगळी नोकरी तिकिटं फाडण्यात गेल्यामुळं जगातली कुठलीही गोष्ट ते सहानं भागल्याशिवाय स्वीकारत नाहीत. एसटीच्या भाड्याचा टप्पा सहा किलोमीटरचा असतो. "किलोमीटर सांगून फायदा न्हाई. टप्पे धरा," ते म्हणाले आणि त्यांनी टेबलावर सांडलेल्या चहात बोटानं भागाकार मांडला. साडेतेरा हजार भागिले सहा. साडेबावीसशे टप्पे. साध्या गाडीला टप्प्यामागं दहा रुपये धरले तर साडेबावीस हजार रुपये.

"इमानापेक्षा सस्तं हाय की!" हाटेलवाला म्हणाला.

"बायांना त्याच्या अर्धं," भट्टीजवळून त्याच्या बायकोनं दुरुस्ती केली. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि तेव्हापासून आमच्या भागातलं कुठलंही भाडं दोन आकड्यांत सांगायची पद्धत पडली आहे. म्हणजे तिला सॅन फ्रान्सिस्को सव्वाअकरा हजारांत पडत होतं. नवऱ्याला न नेता एकटीनं गेलं तर आणखी बचत, हेही तिनं हिशेबात घेतलं.

आता कोपऱ्यातले आबा सरसावले. त्यांचं वय ऐंशीच्या पुढं आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे. "मग माझं कसं?" त्यांनी विचारलं. कंडक्टरसाहेबांनी चष्मा पुसला. नियम हा नियम. "आबा, तुमची सवलत राज्याच्या हद्दीपुरती. हद्द सुटली की पुढचं तिकीट काढावं लागंल."

"हद्द कुठं सुटती?"

"कुणीकडून जायलाव त्याच्यावर हाय."

आणि इथंच खरा वाद पेटला. अमेरिका नेमकी कुणीकडं आहे? एक गट म्हणाला मावळतीकडं. कारण विमान मुंबईहून सुटतं, मुंबई मावळतीला आहे, तिच्यापुढं समुद्र आहे आणि समुद्र संपला की अमेरिका. दुसरा गट म्हणाला उगवतीकडं, कारण कॅलिफोर्निया जपानच्या पलीकडं आहे हे त्यांच्यातल्या एकानं कुठंतरी वाचलं होतं. दोन्ही गटांचं बरोबर होतं, आणि त्यामुळंच वाद मिटेना. गोल वस्तूचा हाच ताप आहे.

शेवटी शाळेतून भूगोलाचे गुरुजी पृथ्वीगोल घेऊन आले. गोलाचा आस खरं तर साडेतेवीस अंशांनी कललेला असायला हवा. अनेक पिढ्यांनी तो गरगर फिरवल्यामुळं आमच्या शाळेतली पृथ्वी चाळीसेक अंशांनी वाकली आहे आणि आफ्रिकेचा कागद सुटून वर आला आहे. तरी काम भागण्यासारखं होतं. गोलावर परभणीही नव्हती, राणीसावरगाव कुठलं असणार? गुरुजींनी मुंबई आणि हैदराबादच्या मधे अंदाजानं पेनाचा ठिपका दिला. हाटेलवाल्यानं फरसाणाच्या पुड्याचा दोरा सोडून दिला. एक टोक ठिपक्यावर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि गुरुजींनी दोरा ताणला.

दोरा मावळतीला जाईना. उगवतीलाही जाईना. जरा ताणला की घसरून वर सरके आणि थेट उत्तरेकडं निघे. हिमालय, सायबेरिया, गोठलेला आर्क्टिक समुद्र, मग अलास्कावरून खाली कॅलिफोर्निया. गुरुजींनी तीन-चारदा करून पाहिलं, दोरा ऐकेना. मग त्यांनी सांगितलं की गोलावर दोन ठिकाणांमधलं सगळ्यांत जवळचं अंतर हे असं मोठ्या वर्तुळावरून मोजतात. भिंतीवरच्या सपाट नकाशात ते कळत नाही, कारण १५६९ साली मर्केटर नावाच्या गृहस्थानं जहाजवाल्यांच्या सोयीसाठी नकाशा आखताना ध्रुवांकडचा भाग ताणून मोठा करून ठेवला. त्या नकाशात ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं. वास्तविक आफ्रिकेत चौदा ग्रीनलँड मावतील.

आम्हाला ग्रीनलँडशी देणंघेणं नव्हतं. आम्ही दोरा बघत होतो. तो आमच्या ठिपक्यातून निघून उत्तरेला, किंचित पूर्वेकडं झुकून चालला होता. घरी जाऊन मी अक्षांश-रेखांश मांडून गोलाचं गणित केलं. आमच्या गावातून सॅन फ्रान्सिस्कोला नाकासमोर निघालं तर पहिलं मोठं गाव लागतं हिंगोली.

म्हणजे अमेरिकेला जायचं तर तोंड हिंगोलीकडं करायचं. ज्यांनी आयुष्यभर हिंगोलीला सोयरिकीसाठी नाही तर कोर्टकचेरीसाठी जायचं ठिकाण मानलं, त्यांना हे पचायला अवघड गेलं.

पण याहून मोठा बाँब त्याच गणितात पुढं होता. मुंबई विमानतळ ते सॅन फ्रान्सिस्को, गोलाच्या हिशेबानं १३,५०० किलोमीटरच्या किंचित वर. राणीसावरगाव ते सॅन फ्रान्सिस्को, १३,४३०च्या आसपास. मी ताळा करून पाहिला. उत्तर तेच. राणीसावरगाव हे मुंबईपेक्षा सॅन फ्रान्सिस्कोला ऐंशीएक किलोमीटरनं जवळ आहे.

याचा अर्थ नीट समजून घ्या. माझा भाचा सुट्टी संपवून परत निघतो तेव्हा गावातून परभणीला जातो, रात्रीची देवगिरी एक्सप्रेस धरतो आणि मुंबईपर्यंत साडेपाचशे किलोमीटर रेल्वेनं जातो. डब्यात झोप लागत नाही, पहाटे कुणीतरी कल्याण आलं म्हणून पायावर बॅग ठेवतं. एवढं सगळं सोसून सकाळी तो मुंबईला उतरतो तेव्हा अमेरिका त्याच्यापासून निघाला त्यापेक्षा ऐंशी किलोमीटर लांब गेलेली असते. रात्रभर धावून माणूस उणे ऐंशी. शेतकऱ्याला हे गणित ओळखीचं वाटतं. सोयाबीन विकून आल्यावर साधारण असंच उत्तर येतं.

आबांना मात्र आपला प्रश्न सुटल्याचा आनंद झाला. दोऱ्याच्या वाटेनं गेलं तर हिंगोलीनंतर वाशीमच्या बाजूनं वर जाऊन अमरावती जिल्ह्याच्या शेवटाला राज्याची हद्द लागते. तिथपर्यंत तीनशे किलोमीटर, म्हणजे साडेबावीसशेतले पन्नास टप्पे फुकट. "बाकीचं पोरगं भरंल," ते म्हणाले.

आता कुणी म्हणेल, विमान तरी दोऱ्याच्या वाटेनं जातं का? नाही जात. त्यालाही फाटे, नाके आणि अडलेले रस्ते आहेत. हिमालय आणि तिबेटवरून विमान नेणं शक्यतो टाळतात. कारण केबिनमधला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला विमान तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली आणावं लागतं, प्रवाशांच्या डोक्यावरून लोंबणाऱ्या नळ्यांत प्राणवायू असतो पंधराएक मिनिटांचा, आणि तिबेटात जमीनच चार किलोमीटरहून उंच आहे. खाली यायचं तर डोंगरात. पाकिस्ताननं एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपल्या आकाशातून जायची बंदी केली, त्यामुळं उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना वळसा पडला. रशियानं २०२२ मध्ये अमेरिकी कंपन्यांना दार लावलं. रस्ता आभाळातला असला तरी बांध कोरणारे शेजारी तिथंही आहेत.

वाऱ्याचं तर विचारूच नका. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं सोसाट्याचे वारे वाहतात, तासाला दोनशे किलोमीटर आणि कधी त्याच्याही वर. त्यांच्या पाठीवर बसलं तर फायदा, तोंडावर घेतलं तर तोटा. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून न्यायला सुरुवात केली. वाट चौदाशे किलोमीटरनं वाढली, पंधरा हजार तीनशे झाली. वेळ मात्र जवळजवळ दोन तासांनी कमी झाला, साडेचौदा तासांत पोचले. हे मी मोठ्या उत्साहानं सांगितलं तर कंडक्टरसाहेबांनी कपाळाला आठीसुद्धा घातली नाही. "जवळचा रस्ता खड्ड्याचा अन् लांबचा रस्ता लवकरचा, हे आमाला कोन शिकवायलंय?"

त्यांनी पुढं अशी माहिती दिली की दिल्लीचं विमान पूर्वी पालमहून सुटायचं. हे खरं आहे. दिल्लीच्या विमानतळाला १९८६ पर्यंत पालम विमानतळच म्हणत. आमच्या शेजारचा तालुकाही पालम. पंतप्रधान पालम विमानतळावर उतरले, अशी बातमी त्या काळी वाचून स्वागताला निघालेले लोक आमच्या भागात होते असं सांगतात. मी ते खरं मानतो, कारण मला ते खरं असावंसं वाटतं.

जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला विमान आणलं, तेही उत्तर ध्रुवावरून, जवळपास चौदा हजार किलोमीटर, सतरा तासांच्या आसपास. हे ऐकल्यावर भट्टीजवळून एकच वाक्य आलं: "म्हणून पोचलं." हाटेलवाल्यानं विषय बदलला.

वेळेची भानगड अंतराहून जास्त. उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागं असतं. दुपारी चारला मुंबईहून उडालेला माणूस सोळा तास उडून तिथल्या घड्याळाप्रमाणं त्याच दिवशी संध्याकाळी साडेसातला उतरतो. गावात हा हिशेब लगेच झाला. चार ते साडेसात. साडेतीन तास. "मग सोळा कशाला म्हणायलाव? आमाला परभणीला जाऊन सातबाराचं काम करून यायला याच्या दुप्पट लागतंय." त्यांना पृथ्वीचं फिरणं समजावून सांगायचा मी प्रयत्न केला. परंतु घड्याळ त्यांच्या बाजूनं होतं.

येताना वसुली होते. सोमवारी रात्री नऊला तिथून निघालेला माणूस सतरा तासांनी मुंबईला उतरतो तो बुधवारी पहाटे अडीचला. मंगळवार आकाशातच वाटेला लागतो. भाच्याचा मंगळवारचा उपास, देवीचा. त्यानं विमानात दोनदा जेवून घेतलं. माझ्या बहिणीनं गुरुजींना, भटजींना आणि मला वेगवेगळं गाठून विचारलं की उपास घडला की मोडला. गुरुजी म्हणाले, त्याच्या पायाखाली कुठला वार होता ते दर तासाला बदलत होतं. भटजी म्हणाले, पुढचा मंगळवार कडक करा. व्यवहारी उत्तर भटजींचंच होतं.

आपलं प्रमाणवेळेचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर, मिर्झापूरच्या बाजूला, लावलेलं आहे. आमचं गाव त्याच्या पश्चिमेला, म्हणून आमचा सूर्य घड्याळाच्या वीस-बावीस मिनिटं मागून डोक्यावर येतो. गाडी वीस मिनिटं उशिरा आली की ती सूर्याच्या वेळेनं अगदी बरोबर आलेली असते. आम्ही तिला उशीर धरतच नाही.

इतिहासातसुद्धा आम्ही असेच थोडे मागून आलो. पुणे–नगर ही पहिली एसटी धावली १ जून १९४८ ला. त्यानंतर आठवड्यानं, ८ जूनला, एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं. म्हणजे मुंबई इलाख्यातल्या माणसाला नगरची गाडी आणि लंडनचं विमान एकाच महिन्यात मिळालं. आम्ही तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. मुंबई परमुलूख, वाटेत करोडगिरीचं नाकं. सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं तेव्हा कुठं आमचा रस्ता मोकळा झाला, आणि मोकळा झाला म्हणजे रस्ता होता असा अर्थ नाही.

जवळ विमानतळ नाही असं मात्र म्हणता येणार नाही. एकीकडं नांदेड, दुसरीकडं लातूर, सरळ रेषेत दोन्ही साठ-पासष्ट किलोमीटरच्या आत-बाहेर. लातूरला धावपट्टी आहे. तिच्यावर उतरतं कोण, हे निवडणुकीच्या दिवसांत कळतं. नांदेडहून २७ एप्रिल २०१७ ला उडान योजनेतलं हैदराबादचं विमान सुरू झालं, तासाभराच्या उड्डाणाला अडीच हजारांच्या घरात भाडं. हवाई चपलेतल्या माणसानं विमानात बसावं, ही त्यामागची कल्पना. ती एका अर्थानं फारच योग्य ठरली. सुरक्षा तपासणीत बूटवाल्यांना बूट काढून ट्रेमध्ये ठेवायला लावतात, त्यांची बोटं मोज्यातून बाहेर आलेली दिसतात, आणि चपलेवाला तोवर पलीकडं जाऊन पाणी पीत असतो.

सामानाचं प्रकरण आडत दुकानात निकालात निघतं. दोन बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो. घरचा काटा पाव किलो खातो, म्हणून बॅगा आडतीवर तोलतात. येसर, कुरडया, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ, आणि जागा उरलीच तर कपडे. शेहेचाळीस किलो. "अर्ध्या क्विंटलला चार किलो कमी," हमाल म्हणाला, "कट्टा भरून टाका ना." त्याला परवानगीची मर्यादा म्हणजे काय हे समजेना. एसटीच्या टपावर अशी मर्यादा त्यानं कधी पाहिली नव्हती.

परतीच्या प्रवासात एक गोष्ट मला फार शास्त्रीय वाटते. घर जवळ येईल तसा वेग कमी होत जातो. विमान ताशी साडेआठशे. रेल्वे मुंबई ते परभणी अकराएक तास घेते, म्हणजे ताशी पन्नास. एसटी ताशी तीस. आणि स्टँडवर उतरून घरापर्यंतचा अर्धा किलोमीटर? त्याला दीड तास लागतो. याच गतीनं माणूस सॅन फ्रान्सिस्कोहून चालत निघाला असता तर त्याला साडेचार वर्षं लागली असती.

कारण प्रत्येक दारात थांबावं लागतं. "कव्हा आलाव?" "आत्ताच." "वाळलाव जरा." "तिकडं पाणी कसं काय?" एका ठिकाणी चहा, दुसऱ्या ठिकाणी नको म्हणून सांगितल्यावर अर्धा चहा, तिसऱ्या ठिकाणी बसून फक्त पाणी पण सोबत चिवडा. कंडक्टरसाहेबांनी भाच्याला गाठून विमानात मधले थांबे किती, हे विचारून घेतलं. एकही नाही हे ऐकून त्यांना त्या वैमानिकाची दया आली. आबांनी हद्दीपुढच्या तिकिटाचा विषय काढला. भाच्याच्या डोळ्यांवर अमेरिकेतली रात्र उतरत होती, पण बॅगेची चाकं आमच्या गल्लीच्या दगडांत अडकत अडकत पुढं जातच होती.

घर वीस पावलांवर राहिलं तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या मावशी ओट्यावरून उठल्या. त्यांनी बॅगा बघितल्या, त्याचं तोंड बघितलं आणि गलबलून त्याच्या गालावरून हात फिरवला.

"जायलास व्हय रे?"

"न्हाई मावशी, घरी जायलोय."

"सुखानं जा बाबा. पोचलास की फोन कर."